गॅप पडलाय म्हणता, मग आणखी गॅप कशाला?

पत्र थोडक्यात: नागपुरात सक्करदऱ्याला राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. आई एकाहत्तर वर्षांच्या. घरी शिवणकाम करून त्यांनी दोन मुलं शिकवली. मधुमेह आहे, गोळ्या सुरू आहेत. दोन वर्षांपासून थोडं चाललं की दोन्ही पाय मांड्यांपासून भरून येतात, पोटऱ्यांत गोळे, तळव्यांना मुंग्या. बसलं की पाच मिनिटांत बरं. बुधवार बाजाराला पूर्वी एका दमात जायच्या, आता तीनदा बसतात: पानठेल्यापुढच्या बाकावर, मारुतीच्या ओट्यावर आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर. एमआरआयमध्ये 'एल-फोर एल-फाइव्हला सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस, ग्रेड वन लिस्थेसिस' असं आलं, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी नसांची वाट फार अरुंद आणि मणका थोडा पुढे सरकलेला. एका सर्जनने रॉड-स्क्रू टाकून मणके जोडायला सांगितलं. दुसरे म्हणाले, दोन मणक्यांच्या मागे छोटंसं यंत्र बसवू, लहानशी चीर, दुसऱ्या दिवशी घरी. पुण्याचा भाऊ म्हणतो, नवीन टेक्नॉलॉजी आहे, संक्रांतीआधी उरकून टाकू, फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे. मावशी म्हणते, मणक्याला हात लावला की लकवा ठरलेला. आणि आई म्हणतात, "काऊन बाप्पा, आता मले कुठं जाचं आहे?" ताई शेवटी लिहितात: "सगळे म्हणतात मणक्यात गॅप पडलाय म्हणून दुखतं. मग हे डॉक्टर यंत्र घालून गॅप वाढवू म्हणतात ते कसं? मी हो म्हणू की नाही? आई मुळातच घाबरट आहे. मागे बाथरूमपाशी घसरून मनगट मोडलं तेव्हा प्लास्टरलासुद्धा तयार नव्हती."

ताई,

तुमच्या गॅपच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. पस्तीस वर्षं मी फिजिओथेरपीचं काम केलं आणि ह्या एका शब्दाने जेवढा घोळ घातलेला पाहिला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. मणक्यांच्या मधली गादी वयानुसार सुकते, बसते. एक्स-रेत दोन मणक्यांतली जागा कमी दिसते. डॉक्टर म्हणतात, "गॅप कमी झालाय." घरी पोचेपर्यंत त्याचं "गॅप आलाय" होतं आणि शेजारच्या काकूंपर्यंत जाताना "गॅप पडलाय". मग माणसाला वाटतं, आपले मणके एकमेकांपासून सुटत चाललेत, ते आवळून धरले पाहिजेत. लोक पट्टे आवळतात, वाकायचं सोडतात. आईंचं दुखणं नेमकं उलटं आहे, त्यांच्या नसांना जागा पुरेनाशी झाली आहे.

आणि डॉक्टर ज्या फटीत यंत्र घालू म्हणतात ती फटही वेगळी. आईंना जरा पुढे झुकवून पाठीच्या मधोमध बोट फिरवा, ओळीने टोकं हाताला लागतील. ही मणक्यांची मागची टोकं. यंत्र बसतं ते अशा दोन टोकांच्या मध्ये. गादी राहिली पुढे, टोकं मागे, आणि दोहोंच्या मधून नसांचा बोगदा जातो. आईंचा बोगदा कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी अरुंद झालाय. अशा वयात बहुधा पुढून गादी फुगलेली असते, बाजूचे सांधे जाड झालेले असतात आणि मागचं लिगामेंट, म्हणजे मणक्यांना बांधणारा चिवट पट्टा, तोही जाडावलेला असतो.

आईंनी आयुष्यभर कापड हाताळलंय, त्यांना असं सांगा. बाही वर सरकवली की तिला चुण्या पडतात, खाली ओढली की ती सपाट होते. बोगद्याच्या मागच्या भिंतीवरचं लिगामेंट तसंच वागतं. सरळ उभं राहिलं किंवा मागे झुकलं की त्याची चुणी आत शिरते आणि नसा दाबते. बसलं, पुढे वाकलं की ते ताणलं जातं, नसांना मोकळं वाटतं. मारुतीच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकल्यावर आईंचे पाय हलके होतात ते ह्याच कारणाने. माझ्याकडे एक निवृत्त पोस्टमन काकाजी यायचे. मानेवाड्याहून सायकलने यायचे, पण गेटपासून आतल्या बाकापर्यंत येताना दोनदा थांबायचे. घरच्यांना वाटे, नाटकं करतात. सायकलवर माणूस वाकलेला असतो, एवढीच त्यातली गोम. मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर हिंडणाऱ्या आणि बाहेर पार्किंगपर्यंत न पोचणाऱ्या आज्या तुम्हीही पाहिल्या असतील.

यंत्राची सगळी युक्ती ह्याच गोष्टीवर उभी आहे. दोन टोकांमध्ये पाचर बसवायची, म्हणजे त्या एका जागी कंबर मागे झुकतच नाही आणि चुणी आत पडत नाही. नसांना हात लावायचा नाही, बोगद्याचं हाड कापायचं नाही. काही यंत्रं तर पूर्ण भूल न देताही बसवता येतात. कल्पना सुंदर आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं होतं, हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही!

फक्त ती नवीन नाही, हे भावाला सांगा. अमेरिकेत परवानगी मिळालेलं ह्या प्रकारचं पहिलं यंत्र एक्स-स्टॉप; औषधं-उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, एफडीएने, ती नोव्हेंबर २००५ मध्ये दिली. १९१ रुग्णांच्या चाचणीत त्याची तुलना झाली ती इंजेक्शनं, गोळ्या, व्यायाम ह्यांच्याशी. दुसऱ्या ऑपरेशनशी नव्हे. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, कंपनीने ते यंत्र बाजारातून काढून घेतलं. त्याच वर्षी सुपेरियन नावाच्या, आणखी लहान चिरेतून जाणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली. त्याची चाचणी ३९१ रुग्णांवर झाली, आणि तुलना कशाशी? एक्स-स्टॉपशीच! तिसरं कोफ्लेक्स. हे इंग्रजी यूच्या आकाराचं, फ्रान्समध्ये १९९४ साली आकाराला आलं, अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ते नुसतंच बसवत नाहीत. आधी बोगदा मोकळा करतात आणि मग ते टोकांमध्ये ठेवतात. म्हणजे 'छोटं यंत्र' ह्या एका नावाखाली दोन वेगवेगळी ऑपरेशनं आहेत. तुमच्या डॉक्टरांच्या मनात कुठलं आहे हे पत्रात नाही. पुढच्या भेटीत यंत्राचं नाव वहीत लिहून घ्या आणि "हे बसवताना हाड काढणार का?" एवढं विचारा.

बोगदा मोकळा करण्याच्या जुन्या ऑपरेशनशी तुलना झाली तेव्हा काय दिसलं? २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी १५९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना नुसतं यंत्र बसवलं, अर्ध्यांचा बोगदा मोकळा केला. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांना सारखाच आराम होता. पण वर्षभरात यंत्रवाल्यांपैकी २९ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, दुसऱ्या गटात ८ टक्क्यांना. त्याच वर्षी स्वीडनमधल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात एक्स-स्टॉपनंतर पुन्हा ऑपरेशन लागलेले २६ टक्के निघाले आणि जुन्या पद्धतीत ६ टक्के. म्हणजे आराम खोटा नाही, पण तो किती जणांच्या बाबतीत टिकला ते पाहा. "दुसऱ्या दिवशी घरी" हे वाक्य ऐकताना आपण सगळेच सैल पडतो, मीसुद्धा. चीर लहान आहे म्हणून पुन्हा टेबलावर जायची वेळ येणार नाही असं थोडंच आहे?

ह्याचा अर्थ यंत्र वाईट असा लगेच काढू नका. ते कुणासाठी हे नीट पाहावं लागतं. बसल्यावर, वाकल्यावर ज्यांना हमखास आराम पडतो. बोगदा मध्यम अरुंद आहे. एकाच किंवा फार तर दोन जागी दाब आहे. सहा महिने व्यायाम-औषधं करूनही फरक नाही. हाडं मजबूत आहेत. त्यात हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असा त्रास की पूर्ण भूल देणं धोक्याचं. असा माणूस समोर आला तर मी स्वतः म्हणेन, सर्जनशी ह्या यंत्राबद्दल जरूर बोला.

आता आईंचा रिपोर्ट. बसल्यावर आराम पडतो, ते जुळलं. एकाच जागी दाब आहे, तेही जुळलं. पण बोगदा 'सिव्हिअर' आहे. मणकाही थोडा पुढे सरकलेला आहे. पहिल्या श्रेणीपर्यंत सरकलेला मणका यंत्रांच्या नियमात बसतो, हे खरं. पण अशाच रुग्णांचा एक छोटा अभ्यास डच डॉक्टरांनी २००८ मध्ये छापला होता. एक्स-स्टॉप बसवलेल्या बारांपैकी सात जणांना दोन वर्षांच्या आत दुसरं ऑपरेशन लागलं. बारा हा आकडा लहान आहे, त्यावरून कायदा करता येत नाही, पण सर्जनला प्रश्न नक्की करता येतो.

आणि आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे तुम्ही आईच्या घाबरटपणाचा दाखला म्हणून लिहिलंय. मनगट. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही, बाथरूमपाशी उभ्या उभ्या घसरून एकोणसत्तराव्या वर्षी मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झाल्याची ही नेहमीची पहिली वर्दी असते, आणि आपल्याकडे ती प्लास्टरबरोबर विसरली जाते. पाचर दोन टोकांना सतत रेटा देत असते. टोक ठिसूळ असलं तर ते मोडतं, मग यंत्र सरकतं. म्हणून डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीत, घनतेचा आकडा (टी-स्कोअर) उणे २.५ च्या खाली असेल तर सुपेरियनसारखं यंत्र बसवू नये असं त्याच्या वापराच्या नियमांतच आहे. रॉड-स्क्रूवाल्यांनाही हे लागू पडतं, कारण ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सैल पडते. दोन सर्जन, दोन वेगळे सल्ले, आणि दोघांचेही सल्ले ज्या तपासणीवर टेकलेत ती कुणी केल्याचं पत्रात दिसत नाही. कदाचित मनगटाची गोष्ट त्यांना तुम्ही सांगितलीच नसेल. कंबर दाखवायला गेल्यावर मनगटाचं कोण बोलतं?

तेव्हा पहिलं काम डेक्साचं. त्यातून हाडं ठिसूळ निघाली तर त्यावरचे उपचार आधी सुरू होतील, आणि ते ऑपरेशन झालं नाही तरी लागणारच आहेत. बाथरूमची फरशी, पायपुसणी, रात्रीचा दिवा हेही आजच बघा. पाय भरून येणारी बाई पुन्हा घसरायला फार वेळ लागत नाही.

दुसरं, पाय खरंच कंबरेमुळेच भरून येतात का, ह्याची खात्री करून घ्या. तुमचं वर्णन अगदी पुस्तकातल्यासारखं आहे, म्हणून मला नव्वद टक्के तसंच वाटतं. पण आईंना मधुमेह आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. फरक असा की त्या माणसाला नुसतं उभं राहूनही आराम पडतो, बसावं लागत नाही. डॉक्टरांनी पावलावरची नाडी बोटांनी बघितली का, एवढं आठवून बघा. मधुमेहाने नसा बधिर होतात तेव्हा तळव्यांची आग रात्री झोपेतही होते, बसल्याने तिला फरक पडत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं सुरू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानेही मुंग्या येतात. ह्यातलं काही जोडीला असेल तर कंबरेचं ऑपरेशन कितीही छान झालं तरी मुंग्या तिथल्या तिथे राहतील आणि घरचे म्हणतील, पैसे पाण्यात गेले.

एमआरआयच्या 'सिव्हिअर' ह्या शब्दानेही हबकू नका. १९९० साली अमेरिकेत, कंबरेची कधीच तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले होते. साठीच्या पुढच्यांत पाचांतल्या एकाचा बोगदा अरुंद निघाला. ते लोक आपले मजेत चालत-फिरत होते. शिवाय एमआरआय झोपून काढतात आणि आईंचा त्रास उभं राहिल्यावरचा आहे. सरकलेला मणका हालचालीत किती हलतो हे बघायला उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले साधे एक्स-रे लागतात. ते काढले नसतील तर मागून घ्या. खर्च एमआरआयच्या मानाने काहीच नाही.

मावशींच्या लकव्याबद्दल. ही भीती घरोघरी आहे आणि तिची टिंगल करू नये, कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. पण शरीररचना माहीत असावी. मुख्य मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. चौथ्या-पाचव्यापाशी असतो तो घोड्याच्या शेपटीसारखा सुट्या नसांचा झुबका. तिथल्या ऑपरेशनात धोके असतात: नसेला इजा, आवरण फाटणं, जंतुसंसर्ग, आणि मधुमेह आटोक्यात नसेल तर संसर्ग जास्त. पण मावशी म्हणतात तसा अर्धं अंग लुळं पडण्याचा लकवा तिथून येत नाही. उलट बाजूनेही ऐका. ऑपरेशन लांबलं तर पाय जातील, असं कुणी घाबरवत असेल तर तेही बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही. हा आजार सहसा वर्षानुवर्षं रेंगाळतो, काहींचा आपसूक थोडा कमीही होतो. अपवाद मात्र पाठ करून ठेवा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, पाऊल उचलताना लोंबकळायला लागलं, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घ्यायची नाही. त्याच रात्री मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत, नाहीतर जवळ जे मोठं रुग्णालय असेल तिथे जायचं.

तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत, रॉड-स्क्रू किंवा यंत्र. मधली वाट कुणी सांगितली नाही की तुम्ही लिहायची विसरलात? नुसता बोगदा मोकळा करायचा, जाडावलेलं लिगामेंट आणि थोडं हाड काढायचं, काहीही बसवायचं नाही. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर नुसतं मोकळं करणं विरुद्ध मोकळं करून जोडणं अशी तुलना झाली, २०१६ मध्ये निकाल आला. त्यात मणका सरकलेले रुग्णही होते. दोन वर्षांनी जोडलेल्यांना काही जास्तीचा फायदा दिसला नाही. नॉर्वेत सरकलेल्या मणक्याच्याच २६७ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यातही नुसतं मोकळं करणं कमी पडलं नाही. २०१६ सालीच अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या एका अभ्यासात मणके जोडलेल्यांना थोडा जास्त फायदा दिसला होता, म्हणजे सगळे सर्जन एका सुरात बोलत नाहीत. मणका हालचालीत फारच डगमगत असेल तर जोडणं लागतंही. म्हणून मी तुम्हाला "हेच करा" म्हणणार नाही. मी सर्जन नाही. पण तिसऱ्या मताला जाल तेव्हा, मिहानमधल्या एम्सला जा किंवा मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीला, प्रश्न असा विचारा: "नुसतं मोकळं करून भागेल का? भागणार नसेल तर का?" उत्तर देताना डॉक्टर तुमच्या एक्स-रेकडे बोट दाखवून समजावत असतील तर ऐका. त्यांनी असे किती रुग्ण हाताळले, यंत्र सरकलं किंवा काढावं लागलं तर पुढे काय, पुढे कधी एमआरआय लागला तर तो काढता येईल का, इम्प्लांटचे पैसे पॅकेजमध्ये की वेगळे, हेही विचारून घ्या. विचारायला लाजू नका, साडी घेताना आपण इतवारीत ह्याच्या दुप्पट प्रश्न विचारतो.

पैशांचं एक. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आईंचं काढलं नसेल तर काढा. त्यात कुठलं ऑपरेशन आणि कुठलं इम्प्लांट बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, भरती झाल्यावर नको.

इंजेक्शनाचा विषयही निघेल. कंबरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन. ४०० रुग्णांच्या २०१४ मधल्या अमेरिकी अभ्यासात सहा आठवड्यांनी स्टेरॉइड मिसळलेलं इंजेक्शन आणि नुसतं बधिर करणारं इंजेक्शन ह्यांत फारसा फरक दिसला नाही. वरून स्टेरॉइडने साखर चढते. लग्नापुरता आराम मिळावा म्हणून कुणी सुचवलं तर हे त्यांना सांगून मग ठरवा.

आता माझ्या घरचा विषय, व्यायाम. तुम्ही लिहिलंय, "फिजिओ करून झालं, उपयोग नाही." किती आठवडे? आणि काय? ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), शेक आणि मशीन ह्याला मी फिजिओ म्हणत नाही, जरी उमेदवारीच्या काळात मीही लोकांना महिना-महिना ट्रॅक्शनवर टांगून ठेवलंय आणि त्यांनी बिचाऱ्यांनी "बरं वाटतं" म्हणून मला खूश केलंय. खरा व्यायाम वेगळा असतो. २०१५ मध्ये अमेरिकेत १६९ रुग्णांचा अभ्यास आला. सगळे ऑपरेशनला तयार असलेले. काहींना ऑपरेशन, काहींना नीट आखलेला व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गटांची शारीरिक क्षमता साधारण सारखी निघाली. पुढचं वाक्य लपवत नाही: व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे व्यायामाने सगळ्यांचं भागत नाही, पण बऱ्याच जणांचं भागतं, आणि तो करून बघण्यात आईंचं काही जात नाही.

एक पेच आहे, तो फिजिओथेरपिस्टला आवर्जून सांगा. बोगद्याला वाकणं हवं असतं आणि ठिसूळ हाडांना जोरात वाकणं नको असतं. म्हणून डेक्साचा आकडा येईपर्यंत झोपून उठून बसायचे व्यायाम, पोटाचे झटके, बसून पायाची बोटं पकडणं बंद. पाठीवर झोपून गुडघे उभे करायचे आणि कंबर हलकेच गादीला टेकवायची, हे चालेल. घरात उभी ठेवायची सायकल मिळाली तर फारच उत्तम; हँडलवर किंचित झुकून पाच मिनिटांपासून सुरू करा. बाहेर चालताना काठीपेक्षा चाकांचा वॉकर चांगला, थोडं झुकता येतं. आई नको म्हणतील, लोक काय म्हणतील म्हणून. बाजाराची चाकांची पिशवी द्या पुढे ढकलायला, तिला कुणी वॉकर म्हणत नाही. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी एक पाय बुटक्या पाटावर ठेवून उभं राहायला सांगा, दर थोड्या वेळाने पाय बदलायचा. आमच्या आज्या खाली बसून पोळ्या लाटायच्या, त्यांना हा त्रास कमी जाणवला असेल तर मला नवल वाटणार नाही. पट्टा प्रवासापुरता, दिवसभर नको.

राहिलं लग्न. भाचीच्या लग्नात आईंनी चार तास उभं राहावं अशी भावाची अपेक्षा नसेल. स्टेजजवळ एक खुर्ची आणि जेवणाच्या टेबलापाशी एक खुर्ची, एवढ्याने फेब्रुवारी निघतो. आणि ऑपरेशन संक्रांतीला करून महिन्याभरात लग्नाची धावपळ, हे त्या यंत्राच्या बाबतीतही शहाणपणाचं नाही. तारीख लग्नाने ठरवू नका.

आईंचं ते वाक्य, "आता मले कुठं जाचं आहे", ह्याला तुम्ही भीती समजलात. मला शंका आहे. ज्या बाईला कुठे जायचं नसतं ती तीनदा बसत बसत बुधवार बाजाराला जात नाही, भाजी घरपोच मिळते हल्ली. मुलांचा खर्च नको, धावपळ नको म्हणून आपल्या आया असं बोलतात. पत्रात भाऊ काय म्हणतो, मावशी काय म्हणते, दोन डॉक्टर काय म्हणतात हे सगळं आलंय. आईंना कुठपर्यंत चालायचंय हे कुणी विचारलेलं दिसत नाही. एखाद्या दुपारी, भाऊ फोनवर नसताना, विचारा. बाजारापर्यंत? टेकडी गणपतीला? की घरातल्या घरात दुखू नये, बस? टेकडीचं स्वप्न असेल तर सर्जनशी बोलणं एका प्रकारे होईल, आणि घरातल्या घरात पुरे असेल तर तीन महिने व्यायाम आणि वाट पाहणं ह्यात काहीच गैर नाही.

आणि एक वही करा. आईंचीच, मापं लिहायची जुनी असेल तर तीच. दर बुधवारी दोन गोष्टी लिहायच्या: बाजाराला जाताना कितीदा बसलं, आणि पहिल्यांदा बसायच्या आधी किती मिनिटं चालता आलं. आज थांबे तीन आहेत. ही वही डेक्साच्या रिपोर्टाला लावून तिसऱ्या सर्जनकडे न्या, त्यांना एमआरआयपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. संक्रांतीपर्यंत तिनाचे दोन झाले तर मला कळवा. चार झाले तर आधी सर्जनला कळवा, मग मला.